अकरा नंबरची खाट

१

ताटं वाढून झाली होती. पहिला घास उचलायचा, तेवढ्यात नरसिंहरावांच्या गुलाबाच्या मळ्यावर माणूस मेल्याची बातमी आली. दुपारचा सव्वा वाजला होता. माणूस मेलेला सापडला तोही कुठे, तर कामगारांच्या नव्याकोऱ्या वसतिगृहात, अकरा नंबरच्या खाटेवर, इस्त्रीच्या चादरीवर उताणा. याच वसतिगृहाला तीन तासांपूर्वी अनुसूयाबाईंनी फॉर्मवर 'उत्तम' असा शेरा दिला होता.

अनुसूयाबाई मजूर खात्यात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या. बंगळूरच्या राजाजीनगरात घर, गुडघ्यांत वात आणि जिभेला धार. परदेशातल्या फूल-खरेदीदारांना हल्ली एक हौस जडली आहे. आपल्या फुलदाणीतला गुलाब खुडणारा माणूस कुठे झोपतो, हे त्यांना कागदावर लिहून लागतं. बघायला कोणी येत नाही, कागदाने समाधान होतं. तो कागद पुरवणाऱ्या एका कंपनीने बाईंना नेमलं होतं. बासष्ट प्रश्न आणि खाली सही. सोबतीला वेणुगोपाल नावाचा चाळिशीतला इंजिनियर. हा खिडक्यांची मापं घेई आणि उरलेला वेळ फोनमध्ये डोकं घालून असे.

मळा देवनहळ्ळीच्या पलीकडे, विमानं पोट खाली करून जातात तिथे. तिन्ही बाजूंच्या जमिनींचे प्लॉट पडले होते. नरसिंहरावांनी मात्र प्लास्टिकचे चार उंच मांडव, म्हणजे पॉलिहाऊस, उभारले होते. गृहस्थ राजाजीनगरचेच, जुन्या मराठी घरातले. समाजाच्या प्रत्येक सत्कारात पुढच्या खुर्चीवर.

"हार्ट अटॅक," खाटेजवळ उभे राहून ते म्हणाले. "ताप होता हो बिचाऱ्याला. अकराच्या पुढं येऊन पडला, तो झोपेतच गेला. अक्का, तुम्ही चला, जेवून घ्या. पाहणीशी याचा काही संबंध नाही."

"प्रेत इथे आणि मी तिथे बिशीबेळे भात खाऊ?" अनुसूयाबाई म्हणाल्या. "तुम्हाला पचत असेल."

मेलेल्याचं नाव आप्पाजी. बीदरकडचा, पस्तिशीचा, अंगावर मांस म्हणून नाही. फुलं निवडण्याच्या शेडमधून त्याची बायको सकवारबाई धावत आली. दारात थबकली. रडली नाही. नवऱ्याकडे बघण्याआधी तिने खोलीकडे बघितलं, भिंती, पंखे, चादरी, सगळीकडे, जणू परक्याच्या घरात शिरली होती.

"हे हितं कसं आलं?" ती म्हणाली. "आमी हितं कवा निजलो?"

"गप बस गं," दारातून हंबीरराव मेस्त्री ओरडला.

२

मेस्त्री म्हणजे गावाकडची माणसं गोळा करून मालकाच्या दावणीला आणून बांधणारा. हंबीरराव त्यांच्याच तालुक्यातला. गाववाल्याच्या भरवशावर चोवीस माणसं इथे आली होती आणि हाच गाववाला आता सकवारबाईला दंडाला धरून ऑफिसात घेऊन गेला.

तिथे कागद तयार होता. नवरा दारू पीत होता, छातीचं दुखणं जुनं होतं, मालकांविषयी तक्रार नाही. अंगठा तेवढा बाकी. ओळखीच्या डॉक्टरने फोनवरूनच हृदयविकार ठरवला होता, नाडीसुद्धा न बघता. तीन वाजता गाडी येणार, प्रेत आणि बायको दोघांना घालून बीदरला रवाना करणार, की संपलं. गाडी एकदा गेली की आप्पाजी कशाने मेला हे कोणाला कधीच कळणार नव्हतं आणि सकवारबाई जन्मभर गावात दारुड्याची बायको म्हणून राहणार होती.

"फॉर्म अजून पाठवला नाहीस ना?" बाईंनी वेणुगोपालला विचारलं.

"नाही मॅडम. जेवण झाल्यावर पाठवणार होतो."

"पाठवू नकोस. आणि नरसिंहराव, माझं काम संपेपर्यंत ती गाडी फाटकाबाहेर थांबेल. तिचा अंगठाही थांबेल. फॉर्म गेला नाही तर तुमचा एक गुलाब विमानात चढायचा नाही, हे तुम्ही जाणताच."

नरसिंहराव हसले. "सरी अक्का. तुमच्या मनासारखं."

बाई पुन्हा खोलीत आल्या आणि सकाळ आठवू लागल्या. तशी ती सकाळ फार गोड गेली होती, म्हणूनच आता त्यांना स्वतःची किळस येत होती.

सव्वादहाला ऑफिसात कॉफी. नरसिंहराव सांगत होते, त्या लिहीत होत्या. कामगार चोवीस. कामावर हजर तेवीस. एकाला ताप, तो राहत्या जागी विश्रांती घेत आहे. साडेदहाला वसतिगृह. बायकांच्या खोलीत दहा खाटा, पुरुषांच्या खोलीत चौदा. भिंतीला खिळा नाही, कोनाड्यात देव नाही, उशीला तेलाचा डाग नाही. चौदा पुरुष राहतात म्हणे, आणि एकाचा कंगवाही पडलेला नाही. हे सगळं बाईंना दिसलं होतं. पण कॉफी चांगली होती, गुडघा दुखत होता, आणि माणूस आपल्यातला होता. त्यांनी 'उत्तम' लिहिलं.

मग पावणेअकराच्या सुमाराला पॉलिहाऊसच्या मधली वाट. चार नंबरला कुलूप, वर लाल पाटी, 'गंधकाची धुरी चालू, आत येऊ नये'. गुलाबावर बुरशी पडते म्हणून गंधक तापवून धूर करतात, त्यात नवल नव्हतं. पण बाईंना आपली हुशारी दाखवायची खुमखुमी आली. "धुरी चालू आहे, मग वास कसा नाही?" त्यांनी विचारलं होतं. नरसिंहराव म्हणाले, आता लावायचीच आहे. त्यांनी व्यवस्थापक भीमाचार्यांना हाक मारून 'चार नंबर लावा' म्हणून सांगितलं. हंबीरराव पुढे होऊन "धनी, त्यात..." म्हणाला, तर नरसिंहरावांनी त्याचं वाक्य पुरं केलं, "त्यात गंधक भरलेला आहे, ठाऊक आहे मला." दहा मिनिटांत वास आला. बाईंनी खुशीत एक्केचाळिसाव्या प्रश्नापुढे बरोबरची खूण केली.

आता त्यांनी खाटेकडे नीट पाहिलं. आप्पाजीच्या बोटांची टोकं सोललेली होती, नखं तुटलेली होती. झोपेत मेलेल्या माणसाची बोटं कशी सोलली?

आणि उशी. सकाळी चौदाही उशा दक्षिणेच्या भिंतीला लागून होत्या. तेरा अजून तिथेच होत्या. अकरा नंबरची तेवढी उत्तरेला आणलेली होती आणि आप्पाजीचे पाय दक्षिणेकडे होते. लहानपणी चुकून तसं लवंडलं, तर बाईंची आई पाठीत धपाटा घाली. दक्षिणेला पाय करून जिवंत माणूस निजत नाही. तसं मेलेल्याला निजवतात.

म्हणजे आप्पाजी इथे येऊन झोपला नव्हता. त्याला कोणीतरी आणून निजवलं होतं, आणि आणणाऱ्याला तो मेलेला आहे हे पक्कं ठाऊक होतं.

३

"मला काय म्हाईत न्हाई बाई," हंबीरराव म्हणाला. त्याची नजर बाईंच्या चपलांवर होती.

"तापाने फणफणलेला होता, तर सकाळी होता कुठे?"

"खोलीत."

"कुठल्या?"

"हीच की. मी सांगाया गेल्तो. मी न्हाई म्हनत न्हाई."

"काय सांगायला गेला होतास?"

चोवीस माणसांना गावाहून बोलून बोलून आणणाऱ्या या माणसाची वाचा नेमकी आता बसली होती.

भीमाचार्य घराच्या मागच्या ओसरीवर बसले होते. धोतर, उपरणं, कपाळावर आणि दंडांवर गोपीचंदनाच्या ताज्या मुद्रा. साठीचा माणूस, मळ्याचे सगळे कागद हाच सांभाळी. सकाळी मात्र यांना बाईंनी वेगळ्या वेषात पाहिलं होतं. निळ्या चौकड्यांचा शर्ट, पॅंट, गळ्यात फितीला लावलेलं मळ्याचं ओळखपत्र, खिशात पेन आणि आजच्या पाहणीचं वेळापत्रक.

"आचार्य, वेष बदललात?"

"जेवण वाढायचं होतं अक्का. मडीनं वाढायचं, तर आंघोळ करायलाच हवी की."

बाईंनी मान डोलावली. सोवळं पाळणाऱ्या घरातच त्या वाढल्या होत्या, बंगळूरकडे त्यालाच मडी म्हणतात. त्या उठल्या आणि हात धुवायच्या निमित्ताने मागच्या दोरीपाशी गेल्या.

दोरीवर निळ्या चौकड्यांचा शर्ट टपटप गळत होता. शेजारी पॅंट. शर्टाच्या खिशात वेळापत्रकाचा लगदा झाला होता आणि पेनाची शाई झिरपून बगलेपर्यंत गेली होती. ओळखपत्र गळ्यातून काढायचीसुद्धा उसंत मिळाली नसावी, कारण ते फितीसकट भिजून खुंटीला लटकत होतं आणि फोटोतले आचार्य फुगून ओळखू येईनासे झाले होते.

"वेणुगोपाल, इकडे ये. याचा फोटो घे."

"कपडे वाळत घातलेत मॅडम. त्यात काय?"

"मडीच्या आंघोळीला माणूस कपडे काढून जातो आणि आंघोळीनंतर वेगळं वाळवलेलं धोतर नेसतो. अंगावरच्या कपड्यांसकट, खिशातल्या पेनासकट, डोक्यावरून पाणी कधी घेतात, तुला ठाऊक आहे?"

वेणुगोपालला ठाऊक नव्हतं. त्याच्या घरात असलं काही उरलं नव्हतं.

"प्रेताला हात लागला तर," बाई म्हणाल्या. "त्याला सचैल स्नान म्हणतात. जेवण एकला वाढलं तेव्हा आचार्य धोतरात होते, मी पाहिलंय. प्रेत सापडलं सव्वाला. म्हणजे प्रेत सापडायच्या आधीच यांनी प्रेताची आंघोळ उरकली होती."

त्या ओसरीवर परत आल्या. भीमाचार्य उठून उभे राहिले होते आणि उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत होते.

"आचार्य, माणूस मेल्याचं लपवलंत, खोट्या खाटेवर नेऊन टाकलंत, त्याचं तुम्हाला काही वाटलं नाही. पण त्याचे पाय चुकीच्या दिशेला करवेनात. आंघोळ चुकवणंही जमेना. धन्य आहे तुमच्या धर्माची."

"मी मारलं नाही हो त्याला," भीमाचार्य म्हणाले. "मला ठाऊकच नव्हतं, आत माणूस आहे ते."

"आत म्हणजे कुठे?"

ते सांगणार, एवढ्यात घरातून नरसिंहरावांची हाक आली आणि आचार्यांनी हाताने तोंड झाकून घेतलं.

४

अडीच वाजले होते. फाटकाबाहेर गाडी अर्धा तास आधीच येऊन हॉर्न वाजवत होती.

सकवारबाई ऑफिसच्या पायरीवर बसली होती. अंगठ्याला शाई लावलेली होती, पण तिने मूठ आवळून ठेवली होती. बाई गुडघ्याला हात लावून तिच्याशेजारी खाली बसल्या. बसल्यावर त्यांना तिचे पाय दिसले. बोटांतली जोडवी काळीकुट्ट होती, चुलीतून काढल्यासारखी. सकाळी फुलं निवडणाऱ्या सगळ्याच बायकांची जोडवी त्यांनी तशी पाहिली होती आणि मनात म्हटलं होतं, या बायकांना घासूनपुसून राहायला काय होतं.

"चांदी अशी का गं?"

"समद्यांचीच हाय. ह्यांच्या कमरेचा करदोडा बी काळा झालाय बगा. चिंच लावून घासलं तरी चार दिसांत पुन्ना तसंच. वास ऱ्हातो ना रातभर."

"कसला वास?"

सकवारबाईने ऑफिसाच्या खिडकीकडे पाहिलं. आत नरसिंहराव फोनवर बोलत होते. "अंगठा दिला न्हाई तर बाकीच्यांना आजच्या आज काढतो म्हनलेत," ती हळू आवाजात म्हणाली. "बावीस मानसं हायती बाई."

"आणि दिलास तर तीच बावीस माणसं आज पुन्हा तिथेच झोपतील. जिथे आप्पाजी गेला तिथे. तुला जागा ठाऊक आहे."

सकवारबाई उठली आणि शाईचं बोट लुगड्याला पुसत चालू लागली.

चार नंबरच्या पुढच्या दाराला कुलूप होतंच. तिने त्यांना मागच्या अंगाला नेलं. तिथे प्लास्टिकचा पडदा फळीखाली दाबून ठेवला होता. फळी काढल्यावर आतून असा भपकारा आला की वेणुगोपाल खोकत दहा पावलं मागे गेला. वारा जाऊ देऊन ते आत वाकले.

फॉर्मात जे नव्हतं ते सगळं इथे होतं. लुगडी बांधून केलेल्या खोल्या, तीन दगडांच्या चुली, वलणीवर शर्ट, डब्याच्या झाकणात कुंकू, दत्ताचा फोटो, कंगवे. चोवीस माणसांचे कंगवे. गुलाबांना ही जागा फार कोंदट पडली म्हणून तीन वर्षांपूर्वी सोडून दिली होती. माणसांना ती चालत होती. शेजारच्या तीन मांडवांतली रात्रीची धुरी फटींतून आरामात इकडे यायची, आणि त्यानेच चांदी काळी पडत होती. इथल्या छताला गंधकाची जुनी भांडी तशीच टांगलेली राहिली होती. मधल्या भांड्याखाली जमीन करपली होती. जुन्या भांड्यातला गंधक नुसता तापला नव्हता, पेटला होता.

"माणशी किती चौरस फूट," वेणुगोपालने सवयीने खिशातून टेप काढली, आणि बाईंच्या नजरेला नजर मिळताच परत ठेवली. मग तो म्हणाला, "मॅडम, भांड्यांचा स्विच बाहेर आहे, वाटेवरच्या फळ्यावर. चालू करणाऱ्याला आत बघायची गरज नाही."

सकवारबाई पुढच्या दारापाशी उभी होती. दार आतून हिरव्या रंगाचं होतं. कमरेच्या उंचीपासून खाली त्या रंगावर बोटांचे ओरखडे होते. तिने त्यांवर तळहात ठेवला आणि तिथेच खाली बसली. आता ती रडली.

५

तीन वाजता ऑफिसात सगळे जमले. सकवारबाई दारात. हंबीरराव आणि भीमाचार्य भिंतीला टेकून. नरसिंहराव खुर्चीत, हात पोटावर.

"माझे कामगार वसतिगृहात राहतात," ते म्हणाले. "चार नंबरात ते सामान ठेवतात. हा तिथं जाऊन का पडला, मला काय माहीत?"

"मी सांगते," अनुसूयाबाई म्हणाल्या. "तुमचं वसतिगृह पाहुण्यांना दाखवायचं शोकेस आहे. चोवीसच्या चोवीस माणसं चार नंबरात राहतात. आज पाहणी, म्हणून सगळ्यांना धुतलेले कपडे घालून कामावर उभं केलंत. आप्पाजीला उभं राहवत नव्हतं. मग हंबीररावाने कामाच्या वेळेला, नऊ वाजता, त्याला आत ठेवून बाहेरून कुलूप घातलं. खरं की नाही?"

"धनी म्हनले खोकल्याचा आवाज याया नगं," हंबीरराव जमिनीकडे बघत म्हणाला.

"पावणेअकराला आचार्यांनी बाहेरून स्विच दाबला. पाहणी चालू होती, म्हणून बंद करायला कोणी गेलं नाही. नंतर हंबीररावाला राहवेना, त्याने आचार्यांना सांगितलं. दोघांनी दार उघडलं तेव्हा आप्पाजी दाराशी मरून पडला होता. फुलांच्या बादल्यांची हातगाडी घेतली, वर ओलं गोणपाट टाकलं, ती अजून वसतिगृहामागे तशीच उभी आहे, आणि अकरा नंबरच्या खाटेवर आणून ठेवला. हंबीररावाने हात धुतले. आचार्यांनी सचैल स्नान केलं. बरोबर आचार्य?"

भीमाचार्यांनी होकाराची मान डोलावली.

नरसिंहरावांनी मोठा उसासा सोडला, अगदी शोकसभेतला. "अरेरे. म्हणजे अपघात. कुलूप यानं घातलं, स्विच यांनी दाबला. हे दोघं एकमेकांशी बोलले असते तर माणूस वाचला असता. आत कोणी आहे हे मला ठाऊक असतं, तर मी धुरी लावा म्हटलं असतं का? तुम्हीच सांगा अक्का."

हंबीरराव आणि आचार्य यांनी एकाच वेळी मालकाकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्याची चाकरी केली तो आपल्याला इतक्या सहज फेकून देईल, हे त्यांना आत्ता कळत होतं. बाईंना त्या दोघांची कीव आली नाही.

"वेणुगोपाल, फॉर्म दे."

त्यांनी चष्मा चढवला. "सातवा प्रश्न. वेळ सव्वादहा. तुम्ही सांगितलंत, मी लिहिलं, खाली तुमची सही आहे. कामगार चोवीस, हजर तेवीस, एकाला ताप, 'राहत्या जागी विश्रांती घेत आहे'. म्हणजे एक माणूस आजारी आहे आणि तो बिछान्यात आहे, हे सव्वादहाला तुम्हाला माहीत होतं."

"हो. मग?"

"साडेदहाला आपण वसतिगृहात गेलो. तुम्ही स्वतः दार उघडलंत. एकोणिसावा प्रश्न. खाटा चोवीस, सर्व रिकाम्या. याच्याही खाली तुमची सही. आजारी माणूस तिथे नव्हता आणि तुम्हाला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. 'अरे, तो कुठे गेला', असं तुम्ही विचारलं नाहीत. कारण तो कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. तुमच्या तोंडून राहती जागा असं निघालं, ते चार नंबराबद्दल. आणि त्यानंतर पंधरा मिनिटांनी चार नंबरात धुरी लावायला तुम्ही सांगितलंत. हा 'धनी, त्यात...' म्हणाला, तेव्हा पुढचा शब्द माणूस हा होता. तो तुम्ही त्याच्या तोंडातून काढून घेतलात आणि गंधक घातलात."

नरसिंहरावांचे हात पोटावरून खाली आले.

"मारायचं तुमच्या मनात नसेल," बाई म्हणाल्या. "तेवढीही दखल तुम्ही त्याची घेतली नव्हती."

६

नरसिंहराव उठले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. सकवारबाई बाहेर राहिली.

"अक्का," ते अगदी घरच्या आवाजात म्हणाले, "फॉर्म एकच आहे. यावर माझी सही आहे तशी तुमचीही आहे. 'उत्तम' हे अक्षर कोणाचं? एक्केचाळिसावी खूण कोणाची? आणि स्वल्प आठवा, धुरीचा वास कसा नाही म्हणून कोणी विचारलं? मी तर नुसती पाटी लावली होती. पाटीवर भागलं असतं. तुम्ही वासाचं काढलंत म्हणून मला धुरी लावावी लागली."

अनुसूयाबाईंनी फॉर्मवरची आपली खूण पाहिली. चार नंबराच्या दाराशी त्यांनी हेच मनातून मागे ढकललं होतं. दुसऱ्याच्या खोटेपणावर आयुष्यभर नाक मुरडलं, आणि आज त्यांच्या एका मिरवण्याच्या वाक्याने दारामागचा माणूस संपला होता. त्यांना स्वतःची एवढी घृणा आयुष्यात कधी आली नव्हती.

"फाडून टाका," नरसिंहराव म्हणाले. "वेणुगोपाल नवा भरेल. त्या बाईचं मी बघतो. समाजात तुमचं नाव आहे हो."

वेणुगोपाल दोघांकडे आळीपाळीने बघत होता. "मॅडम, कोरे फॉर्म आहेत माझ्याकडे," तो पुटपुटला.

"पोलिसांना फोन लाव," बाई म्हणाल्या. "प्रेत तपासल्याशिवाय हलवायचं नाही म्हणून सांग. आणि तुझे ते फोटो कोणाला तरी पाठवून ठेव, तुझाही भरवसा नाही मला."

त्यांनी फॉर्म पर्समध्ये घातला, दार उघडलं आणि पायरीवर सकवारबाईपाशी जाऊन बसल्या. फाटकाबाहेरची गाडी रिकामीच परत वळत होती. फुलांच्या शेडमधून एकेक करून बायका-पुरुष बाहेर आले होते आणि लांब उभे होते.

"सकवारबाई, तुझा नवरा दारूने मेला नाही. तसं आता कोणाला लिहिता येणार नाही," बाई म्हणाल्या. "पण एक ऐक. धुरी लावायला मालकाने सांगितलं, ते मी विचारल्यामुळे. वास कसा नाही, असं मी म्हटलं."

सकवारबाईने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तो असता तर बाईंना बरं वाटलं असतं. ती विचार करत होती.

"तुमी दारापतुर आल्ता?"

"हो."

"कुलूप उगडा म्हनला असता, तर उगडलं असतं त्येनी?"

"उघडावंच लागलं असतं. तो माझा अधिकार होता."

"मग म्हनला का न्हाई?"

कॉफी, गुडघा, आपल्यातला माणूस. यातलं एकही उत्तर त्या बाईसमोर तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. "बघायची इच्छा नव्हती," अनुसूयाबाई म्हणाल्या. "बघितलं असतं तर लिहावं लागलं असतं."

सकवारबाई उठली. नवऱ्याजवळ जाऊन बसायला हवं होतं, तो मघापासून एकटा होता.

"मग आता लिवा तसं," ती म्हणाली आणि वसतिगृहाकडे गेली.

पोलीस यायला पाऊण तास लागला. तोवर अनुसूयाबाईंनी पायरीवर बसून जबाब लिहून काढला. नरसिंहरावांचं लिहिलं, आचार्यांचं लिहिलं, मेस्त्रीचं लिहिलं, ते सगळं सरसर उतरलं. मग त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. कुलूप उघडायला मी सांगितलं नाही, हे वाक्य त्यांना दोनदा लिहावं लागलं, कारण पहिल्यांदा त्यांनी 'कुलूप उघडलं गेलं नाही' असं लिहिलं होतं.